महाबली वेताळ : एका चित्रनायकाची कुळकथा

गेल्या दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट चालली असतां माळ्यावरील एक जुनी पत्र्याची पेटी खालीं आली. आमचें घर सीनेच्या कांठीं, नागापुरास. अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, मनमाडच्या रस्त्यानें येणाऱ्यास आज येथें कारखान्यांची वसाहत दिसते. आमच्या लहानपणीं मात्र दिवेलागणीनंतर या रस्त्यावर चिटपांखरूंहि आढळत नसे. पेटींत आजीचीं दोन विटकीं लुगडीं होतीं, एक मोडका अडकित्ता होता आणि सर्वांत तळाशीं मांजरपाटाच्या तुकड्यांत बांधलेलीं सात पातळ पुस्तकें होतीं. पांचांचीं मुखपृष्ठें गेलेलीं. एकाच्या कोपऱ्यांत आमच्या धाकट्या चुलतबहिणीनें शिसपेन्सिलीनें, काना-मात्रा चुकवीत, आपलें नांव लिहिलेलें होतें. आंत पाहतों तों जांभळा अंगरखा चढवलेला, डोळ्यांवर काळा मुखवटा बांधलेला तो जुना सोबती कवटीच्या सिंहासनावर बसलेला!

घरांतील नातवंडांनीं विचारलें, "आजोबा, हा कोण?" मी मोठ्या ऐटीनें सांगूं लागलों, आणि चार वाक्यांतच अडलों. ज्याच्या संगतींत माझीं सात-आठ वर्षें गेलीं, तो कोठून आला, त्यास 'वेताळ' हें नांव कां मिळालें, आणि एके दिवशीं तो दिसेनासा कां झाला, यांतील एकहि गोष्ट मला धड ठाऊक नव्हती. मग ती शोधून काढणें भाग पडलें. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडतों; कारण हा पाहुणा केवळ आमच्याच घरीं येऊन गेला असें नाहीं.

जन्म

वेताळाचा जनक ली फॉक हा अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं १९११ सालीं जन्मला. १९३४ च्या जून महिन्यांत त्यानें वृत्तपत्रांत 'मॅण्ड्रेक' हा जादूगार आणला. त्याचा बोलबाला झाल्यावर दोन वर्षांनीं, १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं, त्यानें 'फँटम' नांवाचा दुसरा नायक पुढें केला. हा प्रथम पुस्तकांतून आला नाहीं. रोजच्या वृत्तपत्रांत तीन-चार चौकटींची एक पट्टी छापावयाची, कथा बोटभर पुढें सरकवावयाची आणि ऐन रंगांत थांबावयाचें, अशी ती रीत होती. हरिदासबुवांनीं आख्यान भरांत आणून 'आतां उद्यां' म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. आरंभीं फॉकच्या मनांत, जिमी वेल्स नांवाचा एक श्रीमंत व आळशी तरुणच रात्रीं मुखवटा घालून फिरतो, असें दाखवावयाचें होतें. परंतु कथा चालू झाल्यावर त्यानें बेत बदलला आणि नायकास शहरांतून उचलून अरण्यांत नेऊन ठेविलें.

या नायकाची पूर्वपीठिका अशी कीं, १५३६ सालीं चांच्यांनीं एक जहाज लुटलें. कप्तानाचा मुलगा तेवढा वांचून किनाऱ्यास लागला आणि अरण्यांतील बुटक्या बांदार लोकांनीं त्यास जीवदान दिलें. आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानें शपथ घेतली कीं, चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांच्याशीं झुंजण्यांत आपण व आपले वंशज आयुष्य वेंचतील. तेव्हांपासून बाप मरण पावला कीं मुलगा तोच वेष चढवितो आणि त्याच गुहेंत राहतो. जगास वाटतें, हा एकच पुरुष चारशें वर्षें जिवंत आहे. आपल्या परिचयाचा फँटम हा त्या घराण्यांतील २१ वा. वतनें आणि गाद्या यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या घरांतील मुलांस ही कल्पना कोणीं समजावून द्यावी लागली नाहीं. गादी तीच, बसणारा बदलतो, हें त्यांस जन्मतःच ठाऊक होतें.

चित्रकार बदलत गेले. प्रथम रे मूर, नंतर विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून साय बॅरी. त्यांतील बॅरीच्या रेखीव हाताचीं चित्रें पुढें आपल्याकडे घरोघर पोंचलीं. नायकाच्या पोषाखाची हकीकत मोठी गंमतीची आहे. फॉकच्या मनांत तो करड्या रंगाचा होता. परंतु २८ मे १९३९ पासून रविवारचीं रंगीत पानें सुरू झालीं तेव्हां तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्यें त्यास निळा अंगरखा मिळाला, तर इटलींत तांबडा. मुखवट्याआड डोळ्यांच्या बाहुल्या दाखवावयाच्या नाहींत ही युक्ति मात्र फॉकची स्वतःची. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून ती त्यास सुचली. अंगासरशी घट्ट पोषाख व मुखवटा ही जोडी फँटमनें १९३६ मध्यें चढविली. तसल्याच घट्ट पोषाखांतील प्रसिद्ध 'सुपरमॅन' १९३८ सालचा, म्हणजे या पंक्तींत धाकटाच.

हिंदुस्थानांतील आगमन

आपल्या देशांत फँटम प्रथम आला तो इंग्रजी बोलत. १९४० नंतरच्या दशकांत मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या साप्ताहिकांत त्याचीं रविवारचीं पानें येऊं लागलीं. तें साप्ताहिक घेणारीं घरें मोजकीं. तें वाचणारे तर वडील मंडळींपैकींच. मुलांच्या वांट्यास चित्रें तेवढीं येत आणि कथा कोणी काका समजावून सांगेल तेवढीच कळे.

हें चित्र १९६४ च्या मार्चमध्यें पालटलें. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बेनेट, कोलमन आणि कंपनीनें मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला काढली. पहिल्या अंकांत फँटमच्या पट्ट्याची कथा होती आणि पहिले ३२ अंक केवळ त्याचेच होते. त्यानंतर मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदि मंडळी आळीपाळीनें येऊं लागलीं. माला आरंभीं मासिक होती, पुढें पाक्षिक झाली आणि नंतर साप्ताहिक. इंग्रजीशिवाय मराठी, हिंदी, बंगाली इत्यादि भाषांतूनहि ती निघे. मुखपृष्ठें बहुधा गोविंद ब्राह्मणिया यांच्या हातचीं असत. वृत्तपत्रासाठीं आडव्या पट्टींत काढलेलीं चित्रें उभ्या पानांत बसवावयाचीं म्हणजे मोठी कसरत. चौकटी कापाव्या लागत, कांहीं गाळाव्याहि लागत. एखादा मनुष्य एका चौकटींत दारांत उभा आणि पुढच्या चौकटींत होडींत बसलेला दिसे, त्याचें कारण आज कळतें. त्या वेळीं आम्ही मधली वाट आपल्या मनानेंच भरून काढीत असूं.

संपादकांनीं आणखी एक दक्षता घेतली. मूळ कथेंतील देशाचें नांव बंगालशीं फार जुळतें होतें. तें बदलून 'डेंकाली' केलें. 'सिंग' चांचे होते ते 'सिंगा' झाले. नायकाच्या बापाच्या मारेकऱ्याचें नांव मुळांत 'रामा' होतें, तें 'रामालू' झालें. ज्या घरांत रामरक्षा म्हणून दिवा लागतो तेथें तें नांव खुन्यास कसें चालावें? हे फरक लहान. परंतु पाहुण्यास घरांत घ्यावयाचें तर उंबऱ्याबाहेर पाय धुवावयास लावावेत, तसे ते होते.

नांवाची गोष्ट

या सर्वांत थोर फरक नांवाचा. मूळ इंग्रजींत त्याचें बिरुद 'चालतें भूत' अशा अर्थाचें आहे. बंगाली वाचकांस तो 'अरण्यदेव' म्हणून भेटला. हिंदींत तो 'वेताल' झाला आणि मराठींत 'वेताळ'. आम्हां मुलांच्या तोंडीं तो 'महाबली वेताळ'च असे.

वाचकांनीं क्षणभर विचार करावा कीं, या जागीं दुसरा कोणता शब्द बसला असता? 'भूत' म्हटलें कीं अतृप्त मेलेला जीव डोळ्यांपुढें येतो. 'समंध' म्हटला तर तो पुरलेल्या धनावर बसलेला. कोणाच्या उपयोगी पडणें त्याच्या स्वभावांत नाहीं. 'मुंजा' पिंपळाशीं बांधलेला. वेताळाची गोष्ट निराळी आहे. तो भूतगणांचा राजा आहे. देशावर कितीएक गांवांत वेशीबाहेर शेंदूर फासलेला त्याचा दगड असतो, आणि अंवसेच्या रात्रीं त्याची स्वारी दिवट्यांसह निघते असें जुनीं माणसें सांगत. पुण्यास तर एक अख्खी टेकडी त्याच्या नांवानें ओळखली जाते. तो भयंकर आहे, परंतु गांवाचा आहे. चोरास त्याचें भय, गांवकऱ्यास त्याचा आधार.

कोंकणांत आणि गोव्यांत तर तो ग्रामदेवतेच्या मानास चढला आहे. वेंगुर्ल्याजवळील आरवलीचा वेतोबा प्रसिद्धच आहे. त्यास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या थोरल्या वहाणा अर्पण करितात. भाविकांची श्रद्धा अशी कीं, देव रात्रीं गांवाच्या रखवालीस पायीं फिरतो, आणि म्हणून त्या वहाणा झिजतात. अमेरिकेंतील फॉकनें 'चालतें भूत' लिहिलें तेव्हां त्याच्या ध्यानींमनींहि आरवली नसेल. परंतु ज्या कोणा अनुवादकानें 'वेताळ' हा शब्द पसंत केला, त्यानें नकळत त्या परदेशी जवानाच्या पायांत वेतोबाच्या वहाणा चढविल्या.

शिवाय वेताळ आपल्या वाङ्मयांतला जुना कथेकरी. सोमदेवाच्या ११ व्या शतकांतील 'कथासरित्सागरा'त तो राजा त्रिविक्रमसेनाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि शेवटीं न्यायाचा प्रश्न घालतो. मराठींत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८३० मध्यें 'वेताळपंचविशी' आणली. मुद्रित मराठी गद्याच्या अगदीं बाल्यांतलें तें पुस्तक. पुढें 'चांदोबा' मासिकानें तोच विक्रम आणि तोच वेताळ घरोघर नेला. म्हणजे १९६४ नंतर जेव्हां जांभळ्या वेषाचा वेताळ आला, तेव्हां त्याच्या नांवाची खोली आमच्या घरांत आधींच झाडून ठेविलेली होती.

आमच्या आजोबांचें उदाहरण सांगतों. धाकटे काका नगरास नोकरीला होते. ते सायकलीवरून परततांना एखादा अंक आणीत. आजोबांस हें पसंत नव्हतें. "चित्रें पाहावयाचीं असतील तर पाहा, परंतु त्यास वाचन म्हणूं नका," असें ते बजावीत. एके दिवशीं 'वेताळ' हें नांव त्यांच्या कानीं पडलें. "कोण? पंचविशीतला?" असें म्हणून त्यांनीं अंक मागून घेतला, चष्मा लाविला आणि झोपाळ्यावर बसून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. परत देतांना ते इतकेंच म्हणाले, "हा आपला वेताळ नव्हे, परंतु वाईटहि नव्हे." त्या दिवसापासून घरांत बंदी उठली.

गुण आणि दोष

मुलांच्या हातीं काय द्यावें याची काळजी वाहणाऱ्या वडील मंडळींसाठीं येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं, वेताळाच्या कथांत एक मोठी उणीव आहे. गोरा पुरुष सिंहासनावर आणि काळीं माणसें त्याच्या पायांशीं, हें चित्र साम्राज्याच्या काळांत जन्मलें आहे. जे वनवासी आपलें रान पिढ्यान्पिढ्या जाणतात, त्यांस संकटांत प्रत्येक वेळीं एका परक्याकडेच धांव घ्यावी लागते. लहानपणीं हें आम्हांस खुपलें नाहीं. आज नातवंडांबरोबर वाचतांना खुपतें, आणि तसें मीं त्यांस सांगितलेंहि.

परंतु फॉक हा काळाबरोबर शिकत गेला, हेंहि तितकेंच खरें. आफ्रिकेंतील देश स्वतंत्र होऊं लागले तसा त्याच्या कथेंतील देशहि प्रजासत्ताक झाला आणि लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय डॉक्टर त्याचा निवडून आलेला अध्यक्ष झाला. नायिका डायना पामर ही नुसती संकटांत सांपडणारी अबला न राहतां संयुक्त राष्ट्रसंघांत नोकरी करूं लागली. १९७७ सालीं, म्हणजे ओळखीनंतर ४१ वर्षांनीं, दोघांचें लग्न लागलें. १९७९ मध्यें त्यांस जुळीं मुलें झालीं. आमच्या काकू म्हणत, "बरें झालें बाई! फार दिवस रखडलें होतें."

इंद्रजालानें आपल्या मातींतील नायकहि दिला, याची नोंद केली पाहिजे. १९७६ च्या डिसेंबरांत आबिद सुरती यांनीं लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनीं रेखाटलेला 'बहादूर' आला. हा दरोडेखोराचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्यानेंच त्यास वाढविलें, आणि मोठेपणीं तो गांवकऱ्यांचें संरक्षक दल उभारून दरोडेखोरांशीं झुंजूं लागला. येथें परक्याकडे धांवण्याचें कारण उरलें नाहीं. त्याआधींच, १९६७ सालीं, इंद्रजालाच्या उभारणींत भाग घेतलेले अनंत पै यांनीं 'अमर चित्रकथा' सुरू केली होती. ग्रीक व रोमन कथा जाणणारीं आपलीं मुलें रामायण-महाभारतांत अडखळतात, ही त्यांची खंत होती. वेताळानें मुलांस चित्रकथेची गोडी लाविली आणि त्याच वाटेनें पुढें आपल्या पुराणांतील व इतिहासांतील मंडळी आलीं, असें म्हटल्यास तें वावगें होऊं नये.

अखेर

आतां माझ्या अपराधाकडे येतों. १९७४ सालीं मी शालान्त परीक्षेस बसलों आणि आपण मोठे झालों असें मला वाटूं लागलें. घरांत साचलेले दीडशेंवर अंक मीं एका दुपारीं सुतळीनें बांधले व रद्दीवाल्यास तोलून दिले. धाकटी चुलतबहीण तेव्हां दहा वर्षांची होती. शाळेंत जाण्यापूर्वीं ती अक्षरें जुळवावयास शिकली ती या अंकांवरूनच. वेताळाच्या तोंडाजवळील फुग्यांतील शब्द ती बोट ठेवून वाची. गाडी निघून गेल्यावर ती अंगणांत आली. ती रडली नाहीं, भांडलीहि नाहीं. दोन दिवस माझ्याशीं बोलली मात्र नाहीं. सात पुस्तकें तिनें त्याआधींच लपविलीं होतीं, हें मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतें.

मीं जें एका दुपारीं केलें तेंच हळूहळू सर्वत्र झालें. दूरदर्शन घरोघर आलें आणि मुलांची संध्याकाळ त्यानें घेतली. १९९० मध्यें, २६ वर्षांत ८०० हून अधिक अंक काढून, इंद्रजाल बंद पडलें. त्यानंतर दिल्लीच्या 'डायमंड कॉमिक्स'नें फँटमच्या कथा कांहीं काळ चालविल्या. तमिळ वाचकांस 'रानी कॉमिक्स'नें त्या पुरविल्या. ली फॉक १३ मार्च १९९९ रोजीं वारला. ६३ वर्षें तो ही एकच कथा सांगत होता.

परदेशांत मात्र वेताळाची गादी रिकामी झाली नाहीं. ऑस्ट्रेलियांत 'फ्रू' या प्रकाशन संस्थेनें १९४८ पासून त्याचे अंक चालविले आहेत. स्वीडनमध्यें त्याच्या नांवाचें नियतकालिक १९५० मध्यें निघालें आणि तेथील लेखक-चित्रकारांनीं त्याच्यासाठीं नव्या कथा रचिल्या. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलुखांतील वाहगी योद्ध्यांनीं तर आपल्या लढाऊ ढालींवर त्याचें चित्र रंगविलें. न मरणारा पुरुष ढालीवर असला म्हणजे बाण लागणार नाहीं, हा हिशेब आरवलीच्या भाविकास सहज उमगेल.

आणि मराठी वेताळ? आमच्या हातीं राहिलेल्या पानांत अनुवादकाचें नांव कोठेंहि नाहीं. ज्यानें वा जिनें 'वेताळ' हा एक शब्द योजून परक्या कथेस मराठी घर दिलें, त्या व्यक्तीस धन्यवाद द्यावे तरी कोणत्या पत्त्यावर? मोठमोठ्या ग्रंथांची काळजी ग्रंथालयें वाहतात. मुलांचीं पातळ पुस्तकें वाचून फाटतात किंवा रद्दींत जातात, आणि त्यांच्याबरोबर एका पिढीनें अक्षर कसें ओळखलें याचा पुरावाहि जातो. तो राखणें आपल्यासारख्या एकत्र नांदणाऱ्या, माळे आणि पेट्या शाबूत असलेल्या घरांसच शक्य आहे. म्हणून विनंति इतकीच कीं, पुढील झाडलोटींत असलें पुस्तक हातीं आल्यास तें तोलून देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावें, त्यावर कोणाचें नांव आहे तें वाचावें आणि घरांतील मुलांस जवळ बसवून त्यांतील गुणदोषांसह तें वाचून दाखवावें.

भाऊबीजेस चुलतबहीण आली. आतां तिचे केंस पिकले आहेत. ओवाळणींत मीं तें मांजरपाटाचें गाठोडें ठेविलें आणि पन्नास वर्षांनीं का होईना, चुकलों म्हणून सांगितलें. तिनें गांठ सोडली, आपलें वेडेंवांकडें नांव पाहून ती हंसली, आणि मग एकेक पुस्तक उचलून मोजूं लागली. मोजून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, आठ होतीं रे!"

तेव्हांपासून घरांतील नातवंडें माळा धुंडाळीत आहेत.